विश्लेषण : गुरांच्या ढेकराने पृथ्वी तापते का? खान्देशच्या गोठ्यातले मिथेनचे गणित

‘गाई-म्हशींमुळे पृथ्वी तापते’ हे वाक्य आता मोबाइलवर सारखे कुठे ना कुठे दिसते. त्यावरच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. कुणी दूध सोडा म्हणून सल्ला देतो, तर कुणी हे सगळे पाश्चात्त्यांचे थोतांड म्हणून संतापतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या पशुपालकाला यातले काहीच उपयोगाचे नाही. कपाशीचा पैसा हंगामात एकदा येतो. केळीचा भाव आज असतो, उद्या नसतो. दुधाचे पैसे मात्र दहा-पंधरा दिवसांनी हातात पडतात आणि त्यावर किराणा, मुलांची फी, दवाखाना भागतो.

त्यामुळे हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही आणि घाबरून जाण्यासारखाही नाही. जनावरांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू किती, त्याचा हवामानावर परिणाम किती, त्यात खान्देशच्या गोठ्याचा दोष किती आणि तो कमी करण्यात पशुपालकाचा फायदा आहे की तोटा, हे आकड्यांनिशी पाहायला हवे.

हा वायू येतो कुठून?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटात चार कप्पे असतात. पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्याला रुमेन म्हणतात. मोठ्या गाईत तो १०० लिटरहून मोठा असू शकतो. या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि माणसाला पचणार नाही असा कडबा, भूस, गवत ते फोडून जनावराला वापरता येईल असे करून देतात. दादरचा वाळलेला कडबा खाऊन म्हैस दूध देते, ती किमया या सूक्ष्मजीवांची.

चारा आंबताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. रुमेनमधल्या सूक्ष्मजीवांचा एक गट या दोन्हींपासून मिथेन बनवतो. तसे झाले नाही तर हायड्रोजन साचेल आणि पचन मंदावेल. म्हणजे मिथेन हा जनावराचा आजार नाही, त्याच्या पचनाचाच भाग आहे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हा वायू जनावराच्या मागच्या बाजूने सुटतो, असे समजून विनोद केले जातात. प्रत्यक्षात पोटात तयार होणाऱ्या मिथेनपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग ढेकरातून आणि श्वासातून, म्हणजे तोंडा-नाकावाटे बाहेर पडतो.

मिथेनची एवढी धास्ती का?

कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षे टिकतो. मिथेन साधारण १२ वर्षांत विरतो. पण हवेत असतो तेवढ्या काळात तो कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. १०० वर्षांचा हिशेब धरला तर १ किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो. २० वर्षांचा हिशेब धरला तर हाच आकडा ८० किलोच्या घरात जातो.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर १ अब्ज रेणूंमागे मिथेनचे सुमारे ७०० रेणू होते. आज ते १९०० च्या वर गेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीने २०२१ मध्ये सहाव्या अहवालात दिलेल्या अंदाजानुसार आतापर्यंतच्या तापमानवाढीत मिथेनचा हातभार सुमारे अर्ध्या अंशाचा आहे.

यातच एक आशाही आहे. कार्बन डायऑक्साइड आज कमी केला तरी आधी साचलेला तसाच राहतो. मिथेन मात्र लवकर विरतो, त्यामुळे त्याचे उत्सर्जन घटवले तर १०-२० वर्षांत फरक दिसू शकतो. जगभरात अचानक मिथेनकडे लक्ष वळले ते या कारणाने.

यात जनावरांचा वाटा किती?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये जागतिक मिथेनचा लेखाजोखा मांडला. त्यानुसार हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ६० टक्के मिथेन मानवी व्यवहारांतून येतो. या मानवी वाट्यात कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचा हिस्सा ३५ टक्के, कचरा व सांडपाण्याचा २० टक्के, पशुपालनाचा ३२ टक्के आणि भातशेतीचा ८ टक्के आहे.

सर्व हरितगृह वायू एकत्र मोजले तर पशुपालनाचा वाटा किती, यावर वाद आहेत. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये तो १४.५ टक्के सांगितला होता, २०२३ च्या अहवालात १२ टक्के सांगितला. यात ढेकरांबरोबर शेण, चाऱ्याची शेती आणि वाहतूकही धरलेली आहे.

भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या २०१६ या वर्षाच्या हिशेबानुसार देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के होता. त्यातला निम्म्याहून अधिक, ५४ टक्क्यांच्या पुढे, जनावरांच्या पोटातल्या मिथेनचा. म्हणजे देशाच्या एकूण उत्सर्जनातला साधारण साडेसात टक्के हिस्सा ढेकरांचा. वीज, वाहतूक आणि उद्योगांतल्या इंधनाचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे.

साडेसात टक्के हा आकडा लहान नाही, कारण आपले गोधन मोठे आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात सर्व मिळून सुमारे ३.३ कोटी जनावरे होती.

एक म्हैस आणि दीपनगरचा एक तास

टक्केवारीपेक्षा खान्देशातल्याच दोन गोष्टी शेजारी ठेवू. भारताच्या अधिकृत हिशेबात दुभती म्हैस वर्षाला सुमारे ५० किलो मिथेन सोडते, असे धरले जाते. १०० वर्षांच्या मापाने हे झाले सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड.

आता भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राकडे पाहू. तिथे ५०० मेगावॉटचे संच आहेत. कोळशापासून १ युनिट वीज तयार करताना साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. असा एक संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला, तर ५ लाख युनिट वीज आणि किमान ४५० टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याची बरोबरी करायला तीनशेहून अधिक म्हशींचा पूर्ण वर्षाचा मिथेन लागेल.

पण मिथेन आजच्या पिढीला किती तापवतो, हे पाहायचे तर २० वर्षांचे माप घ्यावे लागते. त्या मापाने एक म्हैस सुमारे ४ टनांवर जाते आणि त्याच एका तासाची बरोबरी ११० च्या आसपास म्हशी करतात. म्हैस तीच, वायू तोच, फक्त माप बदलले. कोणी मोठा आकडा दाखवत असेल किंवा छोटा, त्याने कोणते माप वापरले हे आधी विचारावे.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता, तो आपण नव्याने हवेत आणतो. म्हशीच्या ढेकरातला कार्बन गेल्या हंगामात ज्वारीने किंवा गवताने हवेतूनच घेतलेला असतो. मिथेन विरल्यावर तो पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पुढच्या पिकात जातो. त्यामुळे जनावरांची संख्या आणि त्यांचे उत्सर्जन स्थिर असेल, तर हवेतला मिथेनही एका पातळीवर स्थिरावतो. ते वाढले तर तापमानवाढीत भर पडते, घटले तर दिलासा मिळतो. कोळशाला हा नियम लागू नाही. तिथे प्रत्येक टन आधीच्या साठ्यावर चढतो.

आपले जनावर कमी मिथेन सोडते की जास्त?

दोन्ही उत्तरे खरी आहेत. आयपीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तक्त्यांत उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गाईसाठी वर्षाला १२८ किलो मिथेन धरला आहे, भारतीय उपखंडातल्या गाईसाठी ५८ किलो. म्हणजे दर जनावरामागे आपला आकडा निम्म्याहून कमी.

पण त्याच तक्त्यात दुधाचेही आकडे आहेत. अमेरिकी गाईचे वर्षाला ८४०० किलो, उपखंडातल्या गाईचे ९०० किलो. भागाकार केला तर अमेरिकी गाय दर किलो दुधामागे सुमारे १५ ग्रॅम मिथेन सोडते आणि आपली गाय सुमारे ६४ ग्रॅम. चौपटीहून जास्त. या तक्त्याला बरीच वर्षे झाली आणि सरासरी दूध वाढले आहे. तरी दुधाच्या मापाने आपण मागे आहोत, हे चित्र बदललेले नाही.

याचा अर्थ अमेरिकी पद्धत उचलून आणावी असा नाही. तिथल्या गाई माणसाला खाता येणारे धान्य मोठ्या प्रमाणात खातात, त्यांचे शेण पाण्यात कालवून तळ्यांत साठवले जाते आणि त्या तळ्यांतून वेगळा मिथेन निघतो. आपली गाय शेतातला उरलेला चारा खाते, शेण शेताला देते, तिचा गोऱ्हा बैल होऊन औत ओढतो. तापी खोऱ्यातला खिल्लार बैल किंवा रावेर-यावलच्या पट्ट्यात दिसणारी निमारी जात केवळ दुधाच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

तरीही दुभत्या जनावराच्या बाबतीत प्रश्न उरतोच. दर लिटरमागे इतका मिथेन का?

उत्तर गव्हाणीत आहे. कोरडवाहू शिंदखेडा, साक्री, पारोळा, अमळनेरकडे उन्हाळ्यात हिरवा चारा दुर्मीळ होतो. मग कडबा, भूस आणि मिळेल ते. केळीच्या पट्ट्यात घड काढल्यावरचे खांब आणि पाने जनावरांपुढे टाकली जातात. पोट भरते, पण खांबात बहुतेक पाणीच असते आणि प्रथिने नगण्य. असा निकृष्ट चारा पचायला वेळ घेतो आणि त्याच्या दर किलोमागे मिथेन जास्त निघतो. शिवाय जनावराने खाल्लेल्यातला मोठा भाग फक्त जिवंत राहण्यात खर्च होतो. दूध दिले नाही तरी हा खर्च टळत नाही आणि ढेकरही थांबत नाहीत.

कालवड तीनऐवजी चार वर्षांनी व्याली, तर एक वर्षाचा मिथेन दुधाविना गेला. म्हैस उलटत राहिली आणि दोन वेतांतले अंतर लांबले, तर तेही महिने तसेच गेले. गोठ्यातला मिथेन वाढतो तो असा.

हा तोटा आधी कोणाचा?

या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. मिथेन हे जळणारे इंधन आहे. आपण स्वयंपाकाला वापरतो त्या बायोगॅसचा आणि शहरांत गाड्यांना लागणाऱ्या सीएनजीचा तोच मुख्य घटक. जनावराच्या पोटात तयार होणारी ही ऊर्जा चाऱ्यातून आलेली असते. संशोधनानुसार खाल्लेल्या चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने निघून जाते.

एका म्हशीच्या वर्षाच्या ५० किलो मिथेनमध्ये घरगुती गॅसच्या साडेतीन ते चार सिलिंडरइतकी ऊर्जा असते. ती पकडून चूल पेटवता येणार नाही, हे खरे. पण ती ऊर्जा पशुपालकाने विकत घेतलेल्या ढेपेतून आणि राबून जमवलेल्या कडब्यातून आली होती. तिचा काही भाग जरी दुधाकडे वळला, तरी फायदा आधी त्याचाच आहे. हवामानाचा फायदा मागोमाग येतो.

त्यामुळे ‘हवामान वाचवायचे की शेतकरी’ हा झगडा इथे चुकीचा आहे. खान्देशच्या गोठ्यात या दोन्हींचे हित एकाच दिशेला आहे.

आणि ऊन कोणाला लागते?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. संकरित गाईचे मूळ थंड देशातले, तिची अवस्था याहून वाईट. ऊन वाढले की जनावर कमी खाते, दूध आटते, माज नीट दिसत नाही, गाभ राहत नाही.

म्हणजे तापमानवाढीत ज्याचा वाटा किरकोळ, तो पशुपालक तिचा फटका पहिल्यांदा खातो. आणि दूध घटले की दर लिटरमागचा मिथेन पुन्हा वाढतो. हे चक्र तोडायचे, तर गोठ्यात सावली, पुरेसे पाणी, हवा खेळती ठेवणारे छप्पर यांनाही हवामान-उपाय म्हणावे लागेल.

रोगांचेही तसेच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातला लम्पीचा त्या साथीतला पहिला रुग्ण रावेर तालुक्यातल्या चिनावल इथे आढळला. पुढे साथ राज्यभर पसरली आणि गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आजारी जनावर दूध देत नाही, मेलेल्या जनावराच्या जागी नवी कालवड वाढवावी लागते. वेळेवर केलेली लस म्हणून मिथेनही वाचवते, जरी तिच्या बाटलीवर तसे लिहिलेले नसले.

ढेकरावर कर लावावा का?

न्यूझीलंडमध्ये देशाच्या एकूण उत्सर्जनातला जवळपास निम्मा वाटा शेतीचा आहे. तिथे २०२२ मध्ये सरकारने शेतावरच्या उत्सर्जनाला किंमत लावण्याचा आराखडा मांडला. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. सरकार बदलले आणि २०२४ च्या जूनमध्ये तो बेत गुंडाळला गेला. त्याच महिन्यात डेन्मार्कमध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संघटना यांच्यात करार झाला. २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर दर टनामागे ३०० क्रोनर आणि २०३५ पासून ७५० क्रोनर कर ठरला, त्यात ६० टक्के वजावटही आहे.

हे देश मोठ्या, श्रीमंत आणि निर्यात करणाऱ्या शेतांचे आहेत. दोन म्हशी आणि एक गाय सांभाळणाऱ्या घराला हा नियम लावणे ना न्याय्य आहे, ना शक्य.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटवण्याचा जागतिक संकल्प जाहीर झाला. भारताने त्यावर सही केली नाही. जनावरे आणि भातशेती यांतून येणारा मिथेन हा छोट्या शेतकऱ्याच्या जगण्याशी निगडित आहे, चैनीशी नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचे ओझे मिथेनवर ढकलले जाऊ नये, ही भारताची भूमिका होती. ती योग्यच आहे. पण सही न करणे म्हणजे काहीच न करणे, असा अर्थ घेतला तर नुकसान आपलेच आहे.

मग करायचे काय?

पहिला उपाय संतुलित आहाराचा. बहुतेक गोठ्यांत खुराक अंदाजाने दिला जातो. कुठे सरकी ढेप गरजेपेक्षा जास्त, कुठे खनिज मिश्रणाचा पत्ता नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेत गावोगाव प्रशिक्षित माणसे नेमून, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावर नोंद ठेवून, त्याचे वजन, दूध आणि घरी उपलब्ध चारा पाहून आहार ठरवून देण्याचे काम केले. त्यातून खर्च घटला, दूध वाढले आणि दर लिटरमागचा मिथेन १० ते १५ टक्के कमी झाला, असे मंडळाचे निष्कर्ष आहेत. ‘विकास’ नावाने दूध विकणाऱ्या जळगाव जिल्हा दूध संघाचे व्यवस्थापन काही वर्षे याच मंडळाकडे होते. जिल्ह्याला ही पद्धत परकी नाही.

दुसरा उपाय चाऱ्याचा. कुट्टी करून दिलेला चारा वाया जात नाही. कडबा किंवा भुसावर युरिया प्रक्रिया केली तर त्याची पचनीयता वाढते, मात्र प्रमाण चुकले तर विषबाधा होते, म्हणून ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावी. मक्याचा मुरघास आता बॅगेतही करता येतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून शेकडो हेक्टर जंगल राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राखलेल्या कुरणातले गवत कापून आणणे हे मोकाट चराईपेक्षा जमिनीला आणि जनावराला, दोघांनाही मानवते. पण हा नियम साक्री भागातल्या ठेलारी मेंढपाळांवर सरसकट लादता येणार नाही. मेंढी वर्षाला अवघा ५ किलोच्या आसपास मिथेन सोडते, कापणी झालेल्या रानात चरते आणि लेंड्यांचे खत शेताला देऊन जाते. त्यांच्या वाटा आणि चराईची रानेच बंद होत गेली, तर तोडगा निघणार नाही, एक व्यवसाय बुडेल.

तिसरा उपाय खाद्यपूरकांचा. बेंगळूरुच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले आहे. त्यामुळे मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. युरोपात २०२२ पासून परवानगी मिळालेले ‘बोव्हेअर’ हे औषधी पूरक दुभत्या गाईंत सुमारे ३० टक्के घट करते. पण ते रोज खाद्यात नीट मिसळून द्यावे लागते. दिवसभर चरून संध्याकाळी घरी येणाऱ्या गाईला ते कसे द्यायचे, हा प्रश्न आहे. दादरचा कडबा, मका आणि केळीचे खांब खाणाऱ्या खान्देशी जनावरावर अशा पूरकांच्या चाचण्या इथेच व्हायला हव्यात.

चौथा उपाय पैदाशीचा आणि आरोग्याचा. वेळेवर कृत्रिम रेतन, वांझपणावर उपचार, लसीकरण आणि मादी वासरे जास्त मिळावीत म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा. जेवढी कमी जनावरे तेवढेच दूध देतील, तेवढा चारा, पाणी आणि मिथेन वाचेल.

शेणाचे काय?

इथे आपली परंपरागत पद्धत बरी आहे. शेण उघड्यावर सुकले किंवा त्याच्या गोवऱ्या झाल्या, तर त्याला हवा मिळते आणि मिथेन फारसा तयार होत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय हिशेबात शेण साठवणुकीचा वाटा शेतीच्या उत्सर्जनात ७ टक्क्यांच्याही आत आहे. मोठ्या डेअऱ्यांनी शेण पाण्याने वाहून खड्ड्यांत साठवायला सुरुवात केली, तर मात्र हे चित्र पालटेल.

बायोगॅसचा फायदा दुहेरी आहे. ४-५ जनावरांचे रोजचे सुमारे ५० किलो शेण २ घनमीटर गॅस देते. तो नीट चालला तर महिन्याला दीड ते दोन सिलिंडरइतके काम होते, आणि उरलेली मळी शेताला जाते. एक सावधगिरी हवी. गळका गोबरगॅस हा उघड्या उकिरड्यापेक्षा वाईट, कारण तो आधी मिथेन तयार करतो आणि मग हवेत सोडतो. अनुदान देऊन संयंत्र बसवण्याइतकेच महत्त्व त्याच्या दुरुस्तीला द्यायला हवे.

न बोलला जाणारा प्रश्न

उत्पादन न देणाऱ्या जनावरांविषयी कोणी उघड बोलत नाही. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्याच काळात ट्रॅक्टर वाढले आणि बैलांचे काम घटले. म्हातारा बैल किंवा कायमची भाकड गाय सांभाळण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडतो. चारा महाग झाला की जनावर रस्त्यावर येते. कायद्यामागच्या भावनेवर दुमत असू शकते, पण त्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर समाजाने आणि सरकारने मौन पाळणे योग्य नाही. गोशाळांना पुरेसा चारा आणि पैसा मिळणे, नर वासरांचे प्रमाण कमी करणाऱ्या रेतमात्रा स्वस्तात मिळणे, हे या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आहे.

जबाबदारी कोणाची?

मिथेनच्या नावाने खान्देशच्या पशुपालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे चूक आहे. त्याचे जनावर विजेच्या एका संचापुढे नगण्य आहे आणि त्याचा कार्बन हवेतून पिकात, पिकातून गोठ्यात फिरणारा आहे. पण ‘आपला काही दोष नाही’ म्हणून वर्षाला साडेतीन-चार सिलिंडरइतकी ऊर्जा प्रत्येक म्हशीमागे हवेत जाऊ देणे हेही शहाणपणाचे नाही.

पशुपालकाला आहार सुधारा म्हणणे सोपे आहे. दुधाला उत्पादन खर्चही निघत नाही तेव्हा तो सर्वांत आधी ढेप कमी करतो, आणि तिथेच दर लिटरमागचा मिथेन वाढतो. राज्य सरकारला २०२४ मध्ये गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले, यावरून परिस्थिती कळते. त्यामुळे हवामानासाठी येणारा निधी, मग तो केंद्राचा असो की परदेशी कार्बन बाजाराचा, सल्लागारांच्या अहवालांऐवजी चारा, खनिज मिश्रण, लस आणि पशुवैद्यकाच्या रिकाम्या जागा भरण्यावर खर्च व्हायला हवा.

सुरुवात जवळूनच करता येईल. संकलन केंद्रावर मिळणाऱ्या पावतीवर फॅट, एसएनएफ आणि दर छापलेला असतो. दूध संघ आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून त्याच पावतीवर जनावरनिहाय आहाराचा सल्ला द्यावा, दर लिटरमागे किती चारा-ढेप लागली याची नोंद ठेवावी आणि जिल्ह्याची सरासरी दरवर्षी जाहीर करावी. मिथेन मोजण्याचे महागडे यंत्र प्रत्येक गोठ्यात नेता येणार नाही. लिटरमागचा चारा मात्र वहीत आणि मोबाइलवर दोन्हीकडे मोजता येतो. तो खर्च खाली आला, की मिथेनही खाली आला असे समजायला हरकत नाही. आणि पशुपालकाला त्यासाठी हवामान बदलावर विश्वास ठेवायचीही गरज नाही, महिनाअखेरीचा हिशेब पुरेसा आहे.